पास असून काढलेलं तिकीट

आमच्या गावच्या लोकांना रविवारी नागपूरला काही काम नसतं, असा रेल्वेचा बरीच वर्षं समज होता. सकाळची पॅसेंजर सोमवार ते शनिवार धावायची आणि रविवारी विश्रांती घ्यायची. माझ्या बायकोच्या किडन्यांनी मात्र सातही दिवस सुट्टी घेतलेली. धंतोलीतल्या दवाखान्यात डायलिसिसला तिची पाळी बुधवारी आणि रविवारी. बुधवारी ती माझ्यासोबत, माझ्या ऑफिसच्या वेळेच्या पॅसेंजरनं यायची आणि परतताना बाकावर आडवी व्हायची. रविवारी बस. बहुतेकदा उभ्यानं. गावात उतरली की स्टँडच्या पायरीवर डोळे मिटून बसून राहायची. घर जवळ असूनही.

म्हणून रविवारचीही गाडी सुरू होणार, हे कळल्यावर मी उद्घाटनालाही गेलो. एरवी जात नाही. इंजिनाला झेंडूचे इतके हार घातले होते की चालकाला समोरचं दिसेना. अर्धे काढावे लागले. तिसरं भाषण सुरू झालं तेव्हा बायको म्हणाली, "यांचं होईस्तोर माही पाळी जाईन. गाडी सोडून राहिले की पोरगी सासरी पाठवून राहिले?"

गाडी तीन महिन्यांच्या बोलीवर होती. तिसऱ्या महिन्यात फलाटावर सूचना लागली: प्रवाशांच्या अल्प प्रतिसादामुळे सेवा महिनाअखेर बंद. ती मी भरलेल्या डब्यातून उतरून वाचली. स्टेशनमास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, वरती फक्त त्या दिवशी खिडकीवर विकलेली तिकिटं मोजतात.

"आणि पासवाले?"

"पासवाले मोजत नाहीत."

म्हणजे आम्हीच. रोज नागपूरला जाणारं आमचं अर्धं गाव पासवालं. रविवारीही सगळे त्याच पासवर जात होते, कोणी लग्नाला, कोणी बाजाराला, आणि गाडी कशी भरून जाते म्हणून खूश होते. पास असून तिकीट काढणं म्हणजे घरी ताट वाढलेलं असताना खानावळीत जेवणं. तसं आमच्याकडे कोणी करत नाही.

पुढच्या रविवारी मी खिडकीसमोर उभा राहिलो. आमच्या डब्यातला पत्त्यांचा जोडीदार मागून आला.

"पास संपला का गा?"

"नाही."

"मंग काहून तिकीट काढून राहिला? येडा झाला का?"

मी कारण सांगितलं. त्यानं खिशातला पास काढून उलटसुलट पाहिला. "म्हणजे इतके दिवस आपण या गाडीत नव्हतोच?"

"कागदावर नव्हतो."

"मंग मले दोन दे," तो खिडकीत वाकून म्हणाला. "एक जायचं, एक यायचं. यांना दाखवतोच आता."

बातमी डब्यातून पसरली. काहींनी तत्त्वाचा प्रश्न काढला. आधीच पैसे भरलेत, पुन्हा का भरायचे? प्रश्न बरोबर होता. पण प्रश्न बरोबर असूनही गाडी हातची गेली असती. महिन्याच्या शेवटच्या रविवारी रांग चहाच्या टपरीपलीकडे गेली आणि तिकीट देणारे बाबू आमच्याकडे संशयानं पाहू लागले. एका गावाला अचानक इतकं प्रामाणिक झालेलं त्यांनी पाहिलं नसावं. बायको बाकावरून बघत होती. "आपल्या लग्नात अशी रांग लावली असती, तर जेवण वेळेवर झालं असतं," ती म्हणाली.

बंदची सूचना फलाटावरून काढली गेली. गाडीला आणखी तीन महिने मिळाले; ते स्टेशनमास्तरांकडून कळलं, भाषण करायला कोणी आलं नाही. त्या तीन महिन्यांनंतर काय, हे कोणी सांगत नाही. आम्ही विचारतही नाही. दर रविवारी रांगेत उभे राहतो.

परवा परतताना डायलिसिसनंतर ती बाकावर आडवी झाली होती. टीसी आला. नवीन होता. मी पास आणि तिकीट दोन्ही पुढे केलं.

"काका, यातलं एकच चालते."

"एक मी आज घरी जावं म्हणून," मी म्हणालो. "दुसरं पुढच्या रविवारी गाडी यावी म्हणून."

त्याला काही समजेना. मी पहिल्यापासून सांगायला लागलो, सूचनेपासून, जरा तावातावानंच. तिनं डोळे न उघडता पदर तोंडावर ओढला.

"हळू बोला ना. मी झोपून राहिली."