एक भुवई आणि शेवटचा सीझन

अन्याय झाला तो लक्ष्मीअक्कांवर. आणि झाला तो त्यांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, लोक एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन बसतात त्या वेळी. कोणावर आणि कधी, हे आधीच सांगून टाकते. पत्रकाच्या पहिल्या ओळीत हेच लिहायचं असतं, आणि मला लेख लिहिता येत नाहीत, पत्रकं येतात. तर त्या सकाळी एका अंतराळ मालिकेच्या चाहत्यांच्या पानावर अक्कांचा फोटो आला. बाजूला गुलाब, खाली पणती आणि हा मजकूर : 'आपल्या ज्येष्ठ प्रेक्षक गेल्या. शेवटचा सीझन त्यांना आवडला म्हणून आपण त्यांना फार बोललो. त्या आजारी होत्या हे आपल्याला माहीत नव्हतं. जाणाऱ्या माणसाला असा शेवट जवळचा वाटणारच. त्यांच्या मताबद्दल त्यांना मोठ्या मनाने माफ करूया.'

माफ! मालिकेचं नाव मी इथं लिहिणार नाही, तिची फुकट जाहिरात मी का करू? पण अक्का कोण होत्या ते लिहिणार.

सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, लक्ष्मीअक्कांचं ब्यूटी पार्लर. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि भांडण रंगलं की दोन्ही. मी तिथं पहिल्यांदा गेले ती नळाच्या पाण्याबद्दलची पत्रकं वाटायला. लोक पत्रक घेतात, घडी घालतात, संपलं. अक्कांनी मला उभं ठेवून ते शेवटपर्यंत वाचलं. "सगळं हाय की हितं," त्या म्हणाल्या. "समोरचा काय म्हणतोय ते कुटं हाय?" समोरच्याचं आपण कशाला छापायचं, मी म्हणाले. "मग भांडतीस कुणाशी? भिंतीशी?" आणि मी काही उत्तर देण्याआधी, "बस हितं. भुवया बघ, सुरवंट झाल्यात निस्ते."

खुर्चीत बसल्यावर कळलं, की इथून सहज सुटका नाही. भिंतीवर टीव्ही, टीव्हीवर ती मालिका, आणि दोऱ्याचं एक टोक अक्कांच्या दातात. दोरा दातात असेपर्यंत त्या गप्प. एक भुवई झाली की दोरा बाहेर, रिमोट हातात आणि "आगू!" म्हणजे तेलुगूत 'थांब'. यान जिथल्या तिथं गोठायचं. "आता बोला. हिनं हे बरोबर केलं का चूक?" उत्तर दिल्याशिवाय दुसरी भुवई नाही. मला पडद्यावरची बाई कोण हेही माहीत नव्हतं, तरी सोडलं नाही. 'मला काय कळतंय त्यातलं' असं म्हणायची तिथं सोय नव्हती. "डोळं हायत न्हवं? मग कळतंय." एक भुवई कोरलेली आणि एक रानात सोडलेली, अशा अवस्थेत बाई रस्त्यावर जात नाही, मत देते... अक्कांचा हा धंद्याचा हिशेब होता की लोकशाहीचा, मला आजही सांगता येणार नाही. त्यांच्या पार्लरमध्ये बायका जेवढ्या मोकळेपणानं बोलायच्या, तेवढ्या आमच्या एकाही सभेत बोललेल्या नाहीत, हे मात्र सांगते.

मालिकेची गोष्ट थोडक्यात अशी. माणसांनी भरलेलं एक यान वाट चुकलंय आणि पृथ्वीकडे परतायला निघालंय. यानाची कप्तान एक बाई. पहिल्या सीझनमध्ये एका दूरच्या तळावर एक तंत्रज्ञ मागे राहतो आणि ती त्याला सांगते, तू हाक देत राहा, मी येईन. मग एवढं रामायण घडतं, की त्याला सगळे विसरतात. अक्का विसरल्या नाहीत. तेव्हाच म्हणाल्या होत्या, "ही परत फिरणार बघ. शब्द दिलाय तिनं." तेव्हा अक्का ठणठणीत होत्या. हे वाक्य चाहत्यांच्या त्या पानानं दोनदा वाचावं.

शेवटच्या सीझनमध्ये तसंच झालं. पृथ्वी पोचण्याच्या अंतरात आली, तेवढ्यात त्या तळावरून हाक ऐकू आली, आणि कप्तानानं यान वळवलं. मालिका तिथंच संपली. पृथ्वी दाखवलीच नाही. पार्लरमध्ये जो दंगा झाला! नसरीनभाभी, यांच्या घरचे ट्रक आहेत आणि आवाजही ट्रकचाच आहे, त्या तोंडाला लेप लावलेल्या अवस्थेत उठून उभ्या राहिल्या. "क्या अक्का! घर के दरवज्जे तक ला को वापस फिरा दिए ना!" लेपाला तडे गेले. माझा मुद्दा वेगळा होता, आणि तो मी अजून सोडलेला नाही. यानात एवढी माणसं, त्यांची घरं वाट बघतायत, आणि एक बाई सगळ्यांचं ठरवून मोकळी? विचारलं कुणाला? मतदान कुठं झालं? अक्कांनी दातातला दोरा काढला. "कुणी हाक मारली तर मतदान घेऊन ओ देतीस व्हय गं तू?" मी म्हणाले, एकाच्या हाकेसाठी बाकीच्यांचं आयुष्य ओढून नेता येत नाही, अक्का. "मग शब्द देतानाच सांगायचं हुतं की, बहुमत झालं तर येतो म्हणून!" मी तशीच, एका भुवईनं, तणतणत घरी गेले. दुसऱ्या दिवशी दुसरी भुवई करायला गेले तर अक्का म्हणाल्या, "ये. रात्रभर इचार केला. तुझ्या मुद्द्यात दम हाय. पण चूक हाय."

कप्तानानं शब्द पाळला ते बरोबर, हेच त्यांनी त्या पानावर लिहिलं. पहिल्या सीझनपासूनचे धागे जोडून, मुद्देसूद, मराठीत. उत्तरं काय आली? 'काकू, तुम्ही सासू-सुनेच्या मालिका बघा.' 'काकू, भुवया कोरा, विज्ञान राहू द्या.' मुद्द्याला उत्तर एकानंही दिलं नाही. संध्याकाळी पान चालवणाऱ्यांनी ते लिखाणच काढून टाकलं. मी चिडून सांगायला गेले, तर अक्का हसल्या. "काढलं? म्हंजे वाचलं असणार."

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांच्या किडन्यांचं दुखणं निघालं, डायलिसिस सुरू झालं. आधी शेवट आवडला, मग दुखणं आलं. या क्रमानं. घरी भेटायला गेलो तेव्हा नसरीनभाभींचा ट्रकचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. त्या पलंगाशी बसून हळूच म्हणाल्या, "आपकाच सही था अक्का, वो आखरी वाला..." अक्का ताडकन उठून बसल्या. "का? मी आजारी म्हणून? मला हरलेली बघ, पर असं जिंकवू नकोस. भाईर जा. भाईर जा आणि भांडत आत ये." आम्हाला वाटलं चेष्टा. चेष्टा नव्हती. भाभी खरंच दाराबाहेर गेल्या. डोळे पुसायला लागला तेवढा वेळ लागला... आणि मग "दरवज्जे तक ला को फिरा दिए ना!" असं ओरडत, पदर खोचून आत आल्या. अक्कांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते त्या पार्लरमधली कुठलीही क्रीम आणू शकली नसती. तासभर भांडलो. ती आमची शेवटची भेट.

अक्का गेल्याचं त्यांच्या मुलीनं, श्रावणीनं, फोनवर सांगितलं. आणि तेराव्यानंतर ती पणती आणि तो गुलाब. जिवंतपणी बाई म्हणून मत काढून टाकलं, मेल्यावर आजारी म्हणून माफ केलं. खोडलं दोन्ही वेळा. पहिल्या वेळी निदान शिवी तरी प्रामाणिक होती! माणूस विचार करून काही बोलतं, तेव्हा त्याच्या मताचं कारण त्याच्या रिपोर्टात शोधायचं नसतं, त्याच्या मुद्द्यात शोधायचं असतं. आणि माफी चुकीला असते. वेगळ्या मताला उत्तर असतं. नसेल तुमच्याकडे, तर तसं सांगा.

परवा पार्लरला गेले. आता श्रावणी चालवते. टीव्ही चालू होता, रिमोट पूर्वीच्याच जागी, आरशाखाली पावडरच्या डब्याला टेकून. तिनं एक भुवई केली आणि हात थांबवला. दातातला दोरा काढला. मला वाटलं तिला रडू येतंय. "आगू," ती म्हणाली. "ताई, तो शेवट... तुमचं अजून तेच हाय?" तेच आहे, मी म्हणाले, मतदान व्हायला हवं होतं. "मग आईचं चुकलं म्हणा की सरळ." चुकलं, मी म्हणाले. सरळ म्हणाले. तेव्हा कुठे तिनं दुसऱ्या भुवईला हात लावला.

आता तुम्ही. त्या पानावर अक्कांच्या फोटोखाली फुलं वाहणं बंद करा. जोडलेले हात नकोत, श्रद्धांजली नको. तिथं स्वतःच्या नावानं लिहा : कप्तानानं यान वळवलं ते बरोबर की चूक, आणि का. अक्का चुकल्या असं वाटत असेल तर तसंच लिहा, कारण देऊन लिहा, त्यांच्याशी भांडा. तुमची एक भुवई झालेली आहे. मत दिल्याशिवाय उठायचं नाही.