देव्हाऱ्यातली सुपारी

सोळा वर्षं मी कुठल्याही देवापुढे हात जोडले नव्हते. अंबरनाथचं शिवमंदिर माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, पण महाशिवरात्रीची जत्रा भरली की मी दार लावून घरात बसायचो. मी भंगाराचा धंदा करतो, भावात कुणाला ऐकत नाही, आणि माझा राग आमच्या साऱ्या मोरिवली वस्तीला ठाऊक आहे. अशा माणसाने कृपेबद्दल लिहावं हे मलाच विचित्र वाटतं. पण एक गोष्ट मी सोळा वर्षं चुकीची सांगत आलो, ती एकदा नीट लिहून ठेवायला हवी.

विशीत मी बदलापूरला एका भातगिरणीच्या मालकांकडे क्लीनर होतो. त्यांची उघड्या टपाची विलायती गाडी होती. मालक ती स्वतः चालवत, आणि पुसणं, तेलपाणी, पंक्चर माझ्याकडे. त्यांच्या घराण्याची रीत अशी की महाशिवरात्रीला देव्हाऱ्यातला खंडोबाचा चांदीचा टाक अंबरनाथला भेटीला न्यायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. त्या वर्षी जत्रेत गर्दी फार होती. गाडीत चढताना बाईंनी, म्हणजे मालकांच्या पत्नीने, तांबड्या फडक्यातली दोन गाठोडी माझ्या हातात दिली. एकात देव होता, दुसऱ्यात बेल आणि भस्म. घरी पोचल्यावर देव सापडेना. गाडीच्या गाद्या मीच उचलून दाखवल्या. मालकांनी गिरणीच्या माणसांदेखत माझ्या थोबाडीत मारली. मी ओरडून सांगितलं, "आईची शपथ, देव तुमच्या हातात दिला. तुम्हीच हरवलात." त्याच संध्याकाळी मी गाव सोडलं. आई मागे राहिली आणि पहिल्याच पावसाळ्यात गेली. लोक तिला देवचोराची आई म्हणत होते. मला कळलं तेव्हा तेरावंही उरकलं होतं.

पुढे लढाई आली. कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली, आणि तिच्या पत्र्यांवर, पिंपांवर, तारांवर मी माझा धंदा उभा केला. लढाई संपल्यावर छावणी ओस पडली. मग सिंधमधून आलेली माणसं त्या बराकींत राहायला आली आणि तिचं उल्हासनगर झालं. एका कंत्राटदाराच्या भंगारात मला ती गाडी दिसली. मालकांनी लढाईच्या दिवसांत ती विकली असावी. डाव्या मडगार्डवर मी स्वतः ठोकलेला ठिगळाचा पत्रा होता. तोंडावर काही दिसू न देता मी म्हणालो, "हिच्यात कोंबड्यासुद्धा बसायच्या नाहीत." आणि जुन्या पिंपांबरोबर ती उचलून आणली.

मनात एकच होतं. गाडी नवी करायची, मालकांच्या दारात उभी करायची आणि ते बाहेर येईपर्यंत हॉर्न वाजवायचा. मालक वारल्याचं कानावर आलं तेव्हा ठरवलं, निदान बाई तरी बघतील.

तीन वर्षं ती गाडी माझ्या अंगणात होती. तळाचा पत्रा इतका खाल्लेला की सीटवर बसलं तर खालची माती दिसे. इंजिन जाम. त्यात रॉकेल ओतून महिना महिना वाट बघायची, आणि पुन्हा हँडल हलत नाही म्हणून लाथ घालायची. दर रविवारी हेच. बायको म्हणायची, "छप्पर गळतंय, आणि तुम्ही या मढ्याला न्हाऊ घाला."

गाद्यांसाठी मी उल्हासनगरहून एक म्हातारा सिंधी कारागीर आणला. रजया, गाद्या शिवून पोट भरायचा. येता येता त्याच्याशी मी इतकी घासाघीस केली की तो म्हणाला, "सेठ, अभी मेरी सुई भी रख लो." मागच्या सीटची पाठ फाडायला मी चाकू घेतला, तर त्याने माझं मनगट धरलं.

"चाकू नहीं. पहले हाथ."

"गादी शिवायला आलायस की मालिश करायला?"

तो रागावला नाही. म्हणाला, "मेरी माँ ने घर का सारा सोना एक रजाई में सी दिया था. किसी को बताया नहीं. कराची में बोझ ज़्यादा था, तो वो रजाई मैंने ही फेंक दी. उसने जहाज़ पर बताया." माझं मनगट सोडत म्हणाला, "तब से हाथ फेरे बिना कुछ नहीं फाड़ता."

मी चाकू खाली ठेवला. त्याने डोळे मिटले आणि कुजलेल्या चामड्यावरून बोटं फिरवू लागला. डाव्या कोपऱ्यात, तळाशी, बोटं थांबली. "कुछ है." दोन टाके उसवून त्याने स्प्रिंगांमधून एक लहान गाठोडं ओढून काढलं.

वरून तेलकट फडकं होतं. माझ्या मुंडाशाचा तुकडा. त्यावर मारलेली गाठ माझ्या वडिलांनी शिकवलेली, बैलाच्या दाव्याला मारायची, दोन वेढे घेऊन टोक उलटं खोचलेली. मालकांच्या घरात तशी गाठ दुसरं कुणी मारत नव्हतं. ती बघताच सोळा वर्षांपूर्वीची ती घटका माझ्यापुढे उभी राहिली. गाडीत खाली पाय, ग्रीसचा डबा, चिखल. तिथे देव कसा ठेवायचा म्हणून मी त्याला माझ्या फडक्यात बांधलं आणि सीटच्या पाठीचं अस्तर उसवलं होतं तिथे, वर, खोचून ठेवलं. मग तो आत घसरला. गर्दीत, घाईत मी ते पार विसरलो, आणि घरी उतरताना मालकांच्या हातात दिलं ते बेलाचं गाठोडं, देवाचं समजून. ते निर्माल्य म्हणून कुणीतरी टाकून दिलं असेल. देव हरवल्यावर बेलाची चौकशी कोण करतो?

"क्या है?" म्हाताऱ्याने विचारलं.

"देव."

त्याने पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. "जिसका है, उसको पहुँचा दो," एवढंच बोलला आणि सुईत दोरा ओवू लागला.

तीन दिवस मी कुठे गेलो नाही. माझ्यातला व्यापारी हिशेब करत होता. वरचं फडकं काढून टाकावं, साधी गाठ मारावी. देव गाडीतच मिळाला म्हटल्यावर मी चोर नव्हतो हे सिद्ध होतं, आणि बाकीचं कुणाला कळत नाही. चौथ्या दिवशी, सोमवारी, गाठोडं घेऊन मी शिवमंदिराच्या गाभाऱ्यात उतरलो. गाभारा खाली, जमिनीच्या पोटात. सौदा ठरवूनच आलो होतो: माझं नाव धुऊन दे, गाठ तेवढी लपव. पण अंधारात, ओल्या फरशीवर, पिंडीसमोर शब्द फुटेना. अंगठ्याखाली ती गाठ तेवढी लागत होती. कुणी काही बोललं नाही, काही दिसलं नाही. वर आलो आणि गाठ न सोडता बदलापूरच्या मांजर्लीची, बाईंच्या घराची वाट धरली. का, ते मला आजही सांगता येत नाही.

बाई नदीजवळ दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ होती. डोळे अधू झालेले.

"कोण?"

"मी. क्लीनर."

मी गाठोडं त्यांच्या ओंजळीत ठेवलं. बोटं गाठीवर गेली. "ही कुणाची?"

"माझी, बाई." आणि मी सगळं सांगितलं. गाडीला घातलेल्या लाथांचंही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "ह्यांचा पहिल्या वर्षातच तुझ्यावर विश्वास बसला. म्हणायचे, पोरगं आईची खोटी शपथ घ्यायचं नाही, देव माझ्याच हातून पडला. तेव्हापासून दर सोमवारी उपाशी राहायचे. शेवटपर्यंत. तुला शोधायला दोनदा माणूस धाडला."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू कुणाला ठावठिकाणा दिला होतास?"

मी मान वळवून देव्हाऱ्याकडे पाहिलं.

देव्हाऱ्यात टाकाच्या जागी तांदळांवर एक सुपारी होती, वर्षानुवर्षांच्या गंधाने काळी पडलेली. मालकांनी ती स्वतः मांडली होती. बाईंनी चाचपडत टाक धुतला, जागेवर ठेवला आणि ती सुपारी उचलली. "ही खरं तर नदीत सोडायची. पण हिच्यापुढे बसून त्यांनी तुझंही नाव घेतलंय. तू ने." आयुष्यात काहीही घेताना मी आधी भाव विचारलेला. त्या दिवशी नुसती मूठ मिटली.

निघताना त्यांनी विचारलं, "गाडी चालते का रे?"

"अजून नाही."

"चालली की आण इकडं. दिसणार नाही, पण आवाज ओळखेन."

इंजिन पुढच्या वर्षी सुरू झालं. मी गाडी मांजर्लीला नेली, तर दाराला कुलूप होतं. शेजारच्यांनी सांगितलं, बाईंना जाऊन महिना झाला. मी हॉर्न वाजवला नाही. इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवलं आणि परत फिरलो.

त्या म्हाताऱ्याचा हात माझ्या मनगटावर पडला नसता तर मी देवावरच चाकू चालवला असता, ती गाठही कापली गेली असती, आणि मालकांना दोष देत मेलो असतो. तो हात कुणी धाडला, याची चर्चा मी करत नाही. दर सोमवारी उपास करतो. ती सुपारी ताम्हनात ठेवून तिच्यावर पाणी घालतो. मागत काही नाही. मागायची सवय जुनी आहे, म्हणून तेवढा वेळ ओठ दाबून धरावे लागतात.