फोटोला घातलेला हार

लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या मराठी मंडळात अर्ध्या तासाचं भाषण मी अक्षरशः भांडून मिळवलं होतं. विषय, एक अमेरिकन लेखक. वर्तमानपत्रातून भल्याभल्यांची सालटी काढणारा, अंगावर काटा आणणाऱ्या गोष्टी लिहिणारा. त्याचा तिरकस शब्दकोश लोक अजून चवीनं वाचतात. शंभरेक वर्षांपूर्वी, सत्तरी ओलांडल्यावर, मेक्सिकोतली लढाई बघायला म्हणून गेला, तो गेलाच. प्रेत नाही, थडगं नाही.

हाच विषय का, तेही सांगून टाकते. अकरा वर्षांपूर्वी माझे बाबा नागपूरच्या घरातून चपला घालून बाहेर पडले ते आलेच नाहीत. आई अजून कुंकू लावते. बाबांना मृत ठरवायच्या कोर्टाच्या कागदावर सही कर म्हटलं की उठून स्वयंपाकघरात जाते. भाषण ठरलं त्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे आली होती. तिला पहिल्या रांगेत बसवायचं आणि भाषणाच्या शेवटी सांगायचं, माणूस असाही संपतो, मागच्यांनी ते मान्य करावं. तोंडावर बोलायची माझी छाती नव्हती.

हॉलवर पोचले तर सेक्रेटरीकाकांनी घोळ घालून ठेवलेला! इंटरनेटवरून काढलेला लेखकाचा फोटो, त्याला वेम्बलीहून आणलेला झेंडूचा हार, पुढे समई.

"अहो काका, हा मेला कधी हेच कुणाला माहीत नाही!"

"अगं, एव्हाना गेलाच असणार की. फोटो म्हटला की हार आलाच, आपली पद्धत आहे."

कपाळ माझं! असल्या हारतुऱ्यांची जन्मभर टर उडवणाऱ्याची ही गत. वर दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं म्हणे. सगळे उभे राहिले. आई मात्र तरातरा टेबलाशी गेली आणि तिनं फोटोवरचा हार काढला.

"ह्याला मेलेला कुणी पाहिलाय?"

काका माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली, नाही.

"मूलबाळ होतं का ह्याला?" आता ती मला विचारत होती.

"एक मुलगी होती."

"तिनं काय केलं?"

"शोध घेतला. सरकारदरबारी विचारत राहिली."

"आणि तू मला सही मागतेस," आई म्हणाली.

मला तिचा भयंकर राग आला. अकरा वर्षांत मी बाबांच्या शोधासाठी एक फोनसुद्धा केला नव्हता.