साखर देऊ नका

माझा स्वभाव तापट आहे, हे मोहाडीत कोणालाही विचारा. आमच्या कोसा रेशमाच्या साड्यांच्या दुकानात वाटेल तसा भाव पाडून मागणारं गिऱ्हाईक तसं एकदाच मागतं. घरचे म्हणतात, शुगरमुळे चिडते. मी म्हणते, शुगर तेराव्या वर्षी आली, चिडत मी त्याच्या आधीपासून होते.

तेराव्या वर्षापासून इन्सुलिनच्या सुया. तेव्हा घरी फ्रिज नव्हता. आई औषधाची बाटली माठाला टेकवून ओल्या फडक्यात ठेवायची आणि मागावरून उठून उठून ते फडकं ओलं करायची. पुढे मला पाहायला लोक यायचे, चहा पिऊन जायचे आणि मग नकाराचा निरोप पाठवायचे. एका मुलाच्या आईनं तर तोंडावर सांगितलं, "पोरगी चांगली आहे हो, पण शुगरवाली आहे ना. बसूनच खाईन." त्या बाईला मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. लग्न झालं नाही. वडिलांच्या मागे दुकान मी चालवते आणि बसून खात नाही.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, भंडाऱ्याच्या दवाखान्यात तपासणीसाठी बाकावर बसले होते. शेजारी दिघोरीकडचा एक शेतकरी आणि त्याची अकरा वर्षांची पोरगी. तिला माझ्यासारखीच लहानपणची शुगर, सुयांवाली. मी तिला विचारलं, कितव्या वर्गात आहेस. उत्तर बापानं दिलं.

"शाळा बंद केली बाई. आमची टोली, चार घरांची वस्ती, गावाबाहेर हाये, शाळेची वाट अर्ध्या तासाची. एक दिवस पोरगी चक्कर येऊन धानाच्या बांधीत पडली. कोणी पाह्यलं म्हणून बरं. आता मी धान कापू का हिच्या मागं मागं फिरू?"

"म्हणून घरी बसवली?"

"शुगरवाल्या लेकराले पायी चालवत नाई. जीव जाईन."

पोरगी खाली मान घालून नख कुरतडत होती. तिच्याकडे पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. मला तो बाप वाईट वाटला नाही, घाबरलेला वाटला. पण घाबरलेल्या माणसांनीच माझं अर्धं आयुष्य मला खुर्चीत बसवून ठेवायचा प्रयत्न केला होता.

"दादा, मी मोहाडीवरून तुमच्या दिघोरीच्या शाळेपर्यंत पायी आली तं?"

"तुमी?" तो माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून हसला.

"मीच. पायी म्हणजे पायी. मधात कुठं गाडीत बसली तं तुमचं खरं. नाई बसली तं पोरगी शाळेत."

"या मंग," तो म्हणाला. "आल्या तं पाठवतो."

झालं. बोलून बसले.

दवाखान्यात येऊन जाऊन ओळख झालेले आम्ही आठ-नऊ शुगरवाले होतो. मी त्यांना हे सांगितलं तर जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले एक काका म्हणाले, "नुसतंच कायले चालाचं? वर्गणीचा डबा घेऊन चालू. तिकडच्या खेड्यायतल्या लेकरायले शुगर पाहाच्या मशीन घेऊन देऊ, पट्ट्या घेऊन देऊ." खरंच होतं. ती पोरगी आपली शुगर भंडाऱ्याला आली की पाहायची, मधल्या काळात देवाच्या भरवशावर. तेव्हा ठरलं: धान कापून झालं की निघायचं. मोहाडी, भंडारा, लाखनी, पालांदूर आणि शेवटी दिघोरी. रोज झेपेल तेवढं, गावागावांतून डबा फिरवत.

माझ्या मोठ्या भावानं घर डोक्यावर घेतलं. "पायाले फोड आला, पिकला, तं पाय कापावा लागन. मंग?"

"मंग एका पायानं दुकानात बसीन. भाव तेच राहीन."

तो काही माझ्याशी जिंकत नाही. पण त्यानं अट घातली की तो स्वतः व्हॅन घेऊन मागे-पुढे राहील. मी म्हटलं राहा, फक्त मला बस म्हणू नको.

आता खरी भानगड. भावाला वाटलं, वाटेतले लोक पाहुणचार करणार. आमच्याकडे पाहुणा आला की चहा आलाच, आणि चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा. म्हणून त्यानं आमच्या नकळत पुढच्या प्रत्येक गावात ओळखीपाळखीनं फोन लावले: "शुगरवाले लोक पायी येऊन राहिले. त्यायले साखर देऊ नका. गोड काहीच देऊ नका."

लोकांनी हे मनावर घेतलं. भंडाऱ्याच्या पुढे आम्हाला ज्या गावात पाहावं तिथे कारल्याचा रस. पितळेच्या पेल्यात, स्टीलच्या ग्लासात, एका ठिकाणी तर शाल आणि नारळासोबत. कोणी कडुनिंबाचा पाला दिला, कोणी जांभळाच्या बियांची पावडर. लाखनीच्या अलीकडे एका आजीनं माझ्या हनुवटीला धरून घोट पाजला. काकांची शुगर गोळ्यांवरची, ते रोज पीत होते आणि रोज म्हणत होते, "एवढं कडू तं फॅक्टरीतला साहेब पण नव्हता." डब्यात मात्र लोक हात आखडत नव्हते. कापलेल्या धानाच्या पुंजण्यांजवळ मळणी करणारे लोकसुद्धा काम थांबवून यायचे, हात पुसून डब्यात टाकायचे.

चालताना माझी सगळी कसरत निराळी होती. इतकं चालायचं तर इन्सुलिन कमी टोचायचं, मधून मधून बोट टोचून पाहायचं, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायची, मोजे संध्याकाळी काढून तळव्यांचा कोपरा न् कोपरा आरशात पाहायचा. मला फोड आला नाही. काकांना आला आणि त्यांनी तो लपवला, म्हणून मी त्यांना सगळ्यांसमोर झापलं.

शेवटच्या दिवशी पालांदूर सोडलं. दोन्ही बाजूंना धान निघालेल्या बांध्या, त्यांत लाखोळीचं पीक हिरवं झालेलं, ऊन कोवळं. पाय आपोआप पडत होते. पालांदूरच्या पुढे थोडी शुगर उतरली, खिशातली पुडी खाल्ली, बरं वाटलं. दुसरी पुडी माझ्या पिशवीत होती, पिशवी व्हॅनमध्ये, आणि व्हॅन घेऊन भाऊ शाळेत खुर्च्या लावायला पुढे गेलेला. काकांच्या फोडामुळे ते आणि बाकीचे मागे. मी थांबायला हवं होतं, पण दिघोरीची पाटी दिसली होती. कोण थांबतं?

दिघोरीच्या फाट्यावर, टोलीवरून शाळेत जायच्या वाटेवरच, एका म्हाताऱ्या बाईची चहाची टपरी आहे. तिथे तो बाप मला घ्यायला येऊन उभा होता, सोबत पोरगी. दोघं दिसले आणि त्याच वेळी माझे ओठ बधिर झाले. माझी शुगर पडते तेव्हा आधी ओठ जातात, मग घाम, मग हात कापतात, आणि राग येतो. पण माझ्या रागावरून कोणाला काय कळणार?

मी टपरीच्या बाकावर बसले. म्हटलं, "मावशी, साखर द्या. पटकन."

"नाई," ती म्हणाली. "मले फोन आलाय. तुमाले साखर द्याची नाई."

"अहो, शुगर कमी झाली माझी. साखरच पाहिजे."

"मन होते बाई, समजते मले. पण मन मारा लागते." आणि तिनं माझ्यासमोर कारल्याचा रस ठेवला.

मी तो ग्लास फेकला. आता माझी जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांत अडकत होते. मी उठून साखरेच्या डब्याकडे हात घातला तर तिनं डबा छातीशी धरला. "पाप लागन मले," ती म्हणाली. दोन माणसांनी माझे दंड धरले. एकजण म्हणाला फिट आली, कांदा आणा. कांदा आला. कोणीतरी डोक्यावर पाणी ओतलं. पोरीचा बाप बाजूला उभा राहून म्हणत होता, "देऊ नका हो, साखर देऊ नका, तेच तं तिले वर्ज्य हाये."

मला भीती वाटली. आपण मरणार, आणि ते साखरेच्या डब्यापासून हातभर अंतरावर मरणार, हे मला स्वच्छ कळत होतं आणि तोंडातून निघत नव्हतं.

तेव्हा ती पोरगी बोलली. मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. "बाबा, त्यायले साखर पायजे. मले बांधीत असंच झालतं."

कोणी ऐकलं नाही. पण म्हातारीनं तिच्याकडे वळून पाहिलं, तेवढ्यात मी एक हात सोडवून डब्याला हिसका दिला. डबा पडला, झाकण उडालं, साखर जमिनीवर. मी खाली बसले आणि मातीसकट, मुंग्यांसकट मुठी भरून तोंडात कोंबली. धरणारे धरायचे विसरले.

थोड्या वेळानं हाताचं कापरं थांबलं. खिशातल्या मशीनवर दोनदा पाहिलं, आकडा वर चढत होता. मी म्हातारीला म्हटलं, "आता पोहे द्या." तिनं निमूटपणे दिले.

कोणीतरी फोन केला असेल, भाऊ व्हॅन घेऊन आला. माझ्या तोंडाला माती, डोक्यावरून पाणी निथळतंय. तो रडायच्या बेतात आला. "झालं तेवढं लय झालं. बस गाडीत. शाळा ही काय समोर."

"भाऊ, तू बोलूच नको. 'साखर देऊ नका' म्हणे. मारत होता तू मले."

त्याचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण तेव्हा सांगितलं नाही.

मग बाप पुढे आला. आवाज मऊ होता, पण शब्द तेच. "बाई, मी म्हणलं होतं ना? पडल्या का नाई? आता हिले मी कसं पाठवू?"

मी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. "पडली. ऐका, परत पण पडीन. तुमची पोरगी पण पडन. मी तेराव्या वर्षापासून पडून राहिली आणि साखर खाऊन उठून राहिली. तिला काय झालं ते तिला समजलं, मला काय झालं ते पण तिलाच समजलं. तुम्ही सगळे मोठे लोक कांदा घेऊन उभे होते. तिला घरी बसवून काय होईन? घरी पडन."

मी पुन्हा बोट टोचलं, आकडा पाहिला, व्हॅनमधल्या पिशवीतली पुडी खिशात टाकली आणि उठले. पोरगी न विचारता माझ्या बाजूला आली. आम्ही दोघी चाललो. मागे बाप, त्याच्या मागे पहिल्या गिअरमध्ये भावाची व्हॅन. शाळेच्या फाटकात पोरगी माझ्या आधी शिरली.

त्या रात्री गावातच राहिलो. सकाळी परत निघालो, आता व्हॅनमध्ये, कारण पैज संपली होती आणि पायांना सुट्टी होती. फाट्यावर मी भावाला गाडी थांबवायला लावली. सांडलेल्या साखरेचे पैसे द्यायचे होते. म्हातारीनं घेतले नाहीत. तिच्या मागे, भांड्यांच्या फळीजवळ, खिळ्याला एक कागदाची पुडी टांगलेली होती.

"हे काय?"

"त्या पोरीची साखर," ती म्हणाली. "आत्ताच तिले शाळेत सोडाले गेला तिचा बाप. जाता जाता देऊन गेला. म्हणे, तिनं मागतली तं द्याची. इचाराचं नाई, फोन कराचा नाई, पह्यले द्याची."

मी पुडी खिळ्यावरून काढून तळहातावर तोलली.

"मावशी, एवढ्यानं काय होते? दुप्पट करा."

तिनं डबा पुढे केला आणि झाकण स्वतः उघडलं.