ओसाकाकाकूंचा शनिवार

शॉमबर्गमध्ये स्वतःच्या घरापासून कोपऱ्यावरच्या ग्रोसरीपर्यंत कसं जायचं, हे ओसाकाकाकूंना चार वर्षांत एकदाही धड सांगता आलं नाही. ओसाकातल्या कुठल्याही स्टेशनावर मात्र त्यांना डोळे बांधून सोडलं असतं, तरी कोणत्या जिन्याने वर यायचं, कोणत्या बोळात वळायचं आणि कोणत्या दुकानदाराची थट्टा केल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे त्यांनी बिनचूक सांगितलं असतं. त्यांचे यजमान सुताचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीत होते. त्यापायी काकूंनी ऐन उमेदीची चौदा वर्षं ओसाकात काढली. यजमान गेल्यावर मुलीने, मेधाने, त्यांना आपल्याकडे अमेरिकेत, शॉमबर्गला आणलं. गाडी चालवता येत नाही, टीव्ही आवडत नाही, मुलगी-जावई दिवसभर ऑफिसात. काकू खिडकीशी बसून समोरच्या पार्किंगमधल्या गाड्यांचे रंग पाहत.

२००२ साली आमच्या मराठी मंडळाने मुलांसाठी शनिवारचा वर्ग काढला. तळघर माझं होतं, म्हणून मला चिटणीस केलं होतं. दुसरी काही लायकी नव्हती. काकूंनी श्लोक शिकवावेत असं ठरलं. पहिल्याच दिवशी त्या साडीवर जावयाचा जाड कोट आणि पायात बर्फाचे बूट अशा थाटात आल्या, बूट काढून दाराकडे तोंड करून नीट जोडीने लावले आणि मुलांना म्हणाल्या, “श्लोक तुमच्या आया शिकवतील. चला, आपण ओसाकाला जाऊ.”

जाणं म्हणजे खरोखर जाणं. जमिनीवर खडूने नद्या आखायच्या, त्यांवर पूल, पुलांपलीकडे छपराखालचा लांबच लांब बाजार. मुलं ओळीने चालणार, काकू कधी तिकीटवाल्या, कधी मासेवाल्या, कधी पोलीस होणार. आणि नियम एकच, मराठीत बोलायचं.

“बट व्हाय?” माझ्या सईने विचारलं. ती तेव्हा सात वर्षांची होती.

“ओसाकात इंग्रजी कुणाला येतंय, बाळ?”

“मराठी येतं?”

“मला येतं ना. आणि ओसाकात तू दुसऱ्या कुणाला ओळखतेस?”

या युक्तिवादाला तोड नव्हती. घरी ‘जेवायला ये’ म्हटलं की ‘इन अ मिनिट’ म्हणणारी आमची पोरं तळघरात ‘अहो, पुलाकडे कसं जायचं?’ असं अदबीने विचारू लागली. त्यांच्या लेखी काकू ‘ओसाकाआजी’ झाल्या.

मीही अधूनमधून ज्ञान पाजळायला खाली उतरत असे. एकदा मुलं सरकत्या जिन्याचा खेळ खेळत होती आणि सगळी उजव्या बाजूला उभी होती. मी इंटरनेटवर ताजं ताजं वाचलं होतं. “अरे, जपानमध्ये डावीकडे उभं राहतात!” असं म्हणून मी सगळ्यांना धरून धरून डावीकडे नेलं. काकूंनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, “ते टोकियोत. टोकियोचं टोकियोला ठेव.” सगळी वरात पुन्हा उजवीकडे गेली. त्यानंतर बरेच महिने घरात मी काहीही सांगितलं, की सई विचारायची, “बाबा, हे टोकियोचं का?”

खाण्यातही काकूंचा असाच परस्पर कारभार. ओसाकात रस्त्यावर पिठाचे गरम गोळे मिळतात, आत ऑक्टोपसचा तुकडा असतो. काकूंनी आईकडून आलेलं बिडाचं अप्पेपात्र काढलं, ऑक्टोपसच्या जागी मक्याचे दाणे घातले आणि दोन काड्यांनी ते गोळे असे गरागरा फिरवले की मुलं बघतच राहिली. “ओसाकावाल्यांना वाटतं हे भांडं त्यांचंच,” त्या म्हणायच्या. “मीही कधी वाद घातला नाही. शेजारी राहायचं होतं.”

गाडी अडली ती फडक्यांवर. जपानमधल्या शाळांत वर्ग मुलंच झाडतात, पुसतात. म्हणून शेवटची पंधरा मिनिटं आमची मुलंही ओली फडकी दोन्ही हातांनी दाबून, पार्श्वभाग वर करून, तळघराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावायची. त्यांना ही शर्यत वाटे. हर्षदला तसं वाटलं नाही. तो पुण्याहून आलेला, माझ्याच ऑफिसातला. त्याने मला मेल केली: आमच्या मुलाला आम्ही घरी पाण्याचा ग्लास उचलू देत नाही, आणि इथे त्याला फरशी पुसायला लावता?

आता, ज्याची फरशी दर शनिवारी फुकट पुसून निघत होती तो मी. मी काकूंची बाजू घ्यायला हवी होती. पण मला विनोद सुचला, आणि विनोद सुचला की माझी बाकीची बुद्धी रजेवर जाते. मी लिहिलं, “काकूंनी ओसाकाच्या नावाखाली मोलकरणींचं ट्रेनिंग सेंटर काढलंय यार. निदान पोरांना पुढे नोकरीची चिंता नाही.” पाठवलं आणि स्वतःशीच हसलो. मग पत्ता पाहिला. हर्षदने मेल सगळ्या मंडळाच्या यादीवर टाकली होती, आणि माझं उत्तरही सगळ्या मंडळाला गेलं होतं. त्या यादीत मेधा होती.

पुढच्या शनिवारी वीसएक मुलांऐवजी तिघं आली. त्यातली एक सई, कारण ती वरच्या मजल्यावरच राहायची.

वर्ग संपल्यावर मी काकूंना घरी सोडायला निघालो. गाडीत मी म्हटलं, “काकू, मी सगळ्यांना माफीची मेल लिहितो.”

“मुळीच नको. लोक ती वाचून पहिली शोधायला जातील.” मग त्यांनी कोटाची लांब बाही मागे दुमडली. “चांगलं लिहितोस रे. मेधाने वाचून दाखवलं तेव्हा मीसुद्धा हसले. पण एक सांगू? या देशात घर मेधाचं, कोट जावयाचा. माझे म्हणावेत असे आठवड्यातले दोनच तास आहेत. ते तेवढे मला परत आणून दे.”

त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

मग मी दारोदार फिरलो. माझी बाजू पटवायचं कौशल्य सगळ्यांना मेलमधून कळलंच होतं, म्हणून तो नाद सोडला आणि सरळ आमिष दाखवलं: शनिवारी मुलांना मी घरून उचलेन, मीच परत सोडेन, तुम्ही दोघं सकाळभर मोकळे. बर्फात दोन-दोन खेपा केल्या. आईबाप विरघळले. हर्षद सगळ्यांत शेवटी आला, आणि तोही मुलाला सोडायला नव्हे, तर बघायला. काकूंनी त्याच्याकडे न बघता त्याच्या हातात एक ओलं फडकं दिलं, दुसरं माझ्या. आम्ही दोघंही अर्ध्या वाटेत गुडघ्यांवर आलो. त्याचा मुलगा ओरडला, “बाबा, यू आर सो स्लो!” काकू म्हणाल्या, “मराठीत सांग त्यांना.” “बाबा, तुम्ही फार हळू आहात!” हर्षदचा राग तिथेच संपला. मुलगा त्याच्याशी एवढं लांब मराठी वाक्य प्रथमच बोलला होता.

वसंतात आम्ही सगळ्या मुलांना जवळच्या जपानी बाजारात नेलं. तिथे खाण्याच्या एका खिडकीपाशी एक वयस्क बाई चेहऱ्यावरची रेषा न हलवता गिऱ्हाइकं उरकत होत्या. मुलांनी गोळे घेतले आणि एका सुरात म्हटलं, “ओओकिनी!” ओसाकाचे दुकानदार आभार मानतात ते असे. बाईंचा हात थांबला. त्यांनी भराभरा काहीतरी विचारलं. सगळ्या मुलांनी एकदम मागे बोट दाखवलं, जिथे काकू साडी सावरत उभ्या होत्या. मग दोघी खिडकीच्या दोन बाजूंनी बोलत राहिल्या, हसत राहिल्या. मागची रांग वाढत गेली आणि त्या रांगेला ‘सॉरी, सॉरी’ म्हणायचं काम माझ्याकडे आलं.

२००६च्या हिवाळ्यात काकू बर्फावर घसरल्या. गुडघा पुरता सावरला नाही, आणि त्यांनी पुण्याला बहिणीकडे जायचं ठरवलं. मी म्हटलं, “आता वर्ग बंदच करावा लागेल. मला कुठे ओसाका येतंय?”

“तुला नाहीच येत,” त्या म्हणाल्या. “मुलांना येतं. तू फक्त तळघर उघड, हीटर लाव आणि मध्ये बोलू नकोस.”

त्या पुण्याला गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी तेवढंच केलं. अकरा वर्षांची सई लहान मुलांपुढे उभी राहिली. “ओके, सो वुई गेट ऑफ द ट्रेन,” असं म्हणाली, थबकली, आणि मग म्हणाली, “चला, उतरा. ढकलू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याला फोन लावला. काकूंनी माझी खुशालीही विचारली नाही.

“किती आली?”

“नऊ.”

“कुठवर नेलं?”

“दुसऱ्या पुलापर्यंत. मग वेळ संपला.”

“त्या पुलावरून उतरलं की डाव्या हाताला तीन मजली इमारत आहे,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांत वर, कुंड्या दिसतात ते आमचं घर. मी मुलांना कधी दाखवलं नाही. मला तिथे थांबावंसं वाटलं असतं, आणि मग पुढचा बाजार राहिला असता. तुम्ही थांबा जरा.”

पुढच्या शनिवारी सईने खडूने डाव्या हाताला एक चौकोन काढला. नऊही मुलांनी बूट काढले, दाराकडे तोंड करून लावले आणि ती आत जाऊन बसली.