कोंडवाड्यातली परात

साठ-बासष्टच्या सुमारास सांगलीजवळच्या आमच्या गावात आम्ही पोरांनी कोंडवाड्यात डांबलेल्या बेवारशी कुत्र्यांवर नाटक बसवलं. आमचं घर बौद्ध. तरी मला घेतलं, कारण माझ्यासारखं भुंकणं दुसऱ्या कुणाला जमेना. माझ्या जोडीचा कुत्रा म्हणजे एका जैन शेतकऱ्याचा मुलगा. नाटकात आम्ही एकाच परातीत तोंड घालून पाणी प्यायलो. टाळ्या काय, शिट्ट्या काय!

पडदा पडल्यावर चहावाला चहा घेऊन आला. सगळ्यांना कपबशी, मला मात्र कान तुटलेला वेगळा कप. माझं डोकं सणकलं. उठून निघालो, तर माझ्या जोडीच्या कुत्र्यानं माझं सुतळीचं शेपूट धरलं.

"बस की रं गड्या."

त्यानं दोघांचा चहा परातीत ओतला आणि चहावाल्याला म्हणाला, "आमी अजून कुत्रीच हाय. माणसं झालो, की मग दे वेगळं कप."