वरच्या दोन ओळी

फोन आला तेव्हा मी दवाखान्यातल्या बाकावरून ओलं फडकं फिरवत होते. दवाखाना तीन महिने बंदच होता. तरी दर मंगळवारी कुलूप काढायचं, धूळ पुसायची, खिडकीतल्या तुळशीला पाणी घालायचं, हे मी सोडलं नव्हतं. नांदेडहून विजयाताई बोलत होत्या, शैलजा मॅडमच्या धाकट्या बहीण. "कमलताई, आमची ताई गेली हो. आत्ता, सकाळी." मी बाकावर बसले. अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला कधीच सुचत नाही. तोंडातून निघून गेलं, "काल त्यांनी ओळ लिहिली का?" विजयाताई म्हणाल्या, "लिहिली. वही तुमच्यासाठी ठेवलीय." त्या ओळीचा अर्थ आम्हा दोन-तीन माणसांनाच माहीत होता. आता दीड महिना झाला. कुणाला सांगायचं म्हटलं तर माझी जीभ वळत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण हे अक्षरही त्यांच्यामुळेच परत आलेलं आहे.

मॅडम लहान मुलांच्या डॉक्टर. लातूरला त्यांचा दवाखाना आणि आठवड्यातून एक दिवस नांदेडला जाणं. मी त्यांच्याकडे पेशंटला आत सोडायचं, फायली काढून द्यायच्या, झाडलोट करायची, असं काम करत होते. सर्दी-खोकल्याची पोरं तर रोजचीच. पण एक कपाट वेगळं होतं. त्यात अचानक बदलून गेलेल्या मुलांच्या फायली होत्या. कालपर्यंत खेळणारं, हसणारं पोर आणि एका आठवड्यात दुसरंच कुणी होऊन बसलेलं. कुणी दिवसभर हात धूत राही, कुणाची मान सारखी झटके देई, कुणी आईचा पदर सोडेना. आईबाप आधी देवाधर्माचं करून, मग दोन-चार डॉक्टर करून इथं यायचे. मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कधीपासून?" महिना सांगितला तर वार विचारायच्या. वार सांगितला तर म्हणायच्या, "त्या दिवशी सकाळी जेवला होता का?" मला वाटायचं, जेवणाचं यांना काय करायचंय... त्यांचं म्हणणं असं की काही मुलांना आधी घशाचा आजार होतो, शरीर त्या जंतूशी लढायला उठतं आणि लढता लढता चुकून मेंदूच्याच एखाद्या भागावर उलटतं. मी एकदा भीत भीत म्हटलं, "म्हणजे राखणीचं कुत्रं चोर पळाल्यावर घरच्याच माणसाला चावायलं, तसं?" त्या हसल्या. "तसं म्हणा. पण आपल्या पोरांत खरंच तसंच होतं का, तेच तर मी शोधतेय."

चार वर्षांमागे माझीच नात त्या कपाटात आली. माझी मुलगी मीना मुरुडला दिली आहे. तिची प्राजू तेव्हा आठ वर्षांची होती. सोमवारी शाळेतून आली ती हात धुवायला लागली आणि थांबेचना. बोटं सोलली. जेवणात काहीतरी पडलंय म्हणून ताट सरकवायची. सासरचे म्हणत होते, बाहेरचं काहीतरी असणार, शाळा सोडवा आणि कुणाला तरी दाखवा. मीना तिला घेऊन सरळ लातूरला आली. मॅडम फॉर्म भरत होत्या, मी फाईल धरून दाराशी उभी. "गेल्या महिन्याभरात घसा दुखला होता का? ताप?" मीना म्हणाली, "न्हाई मॅडम, कायच न्हवतं. लई चांगली व्हती ओ पोरगी." मॅडमनी लिहिलं, नाही. आणि मी हातातली फाईल उगाच उघडून मिटली.

कारण तीन आठवड्यांमागे मी मुरुडला गेले होते, तेव्हा प्राजूला गिळता येत नव्हतं, आणि तिची पडजीभ मी उचलली होती. आमच्याकडे घशात आतली ती लोंबती जीभ खाली आली म्हणतात. मग बोटाला मीठ-हळद लावून ती वर दाबायची, टाळूवरचे चार केस ओढून गाठ मारायची. माझ्या सासूनं मला शिकवलेलं. गल्लीतली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेलेली. तो आजार आहे असं आमच्या मनातसुद्धा येत नाही. पडलं ते उचललं, झालं. मीना खोटं बोलली नव्हती. तिच्या दृष्टीनं घसा दुखलाच नव्हता. पण मी तर रोज तिथं उभी राहून ऐकत होते. मला कळायला हवं होतं. कळलंही होतं बहुतेक. पण सांगायचं म्हणजे मॅडमपुढं कबूल करायचं की मी पोरांच्या घशात बोट घालते. आणि त्याहून मोठी भीती म्हणजे, माझ्याच बोटानं हे झालं असलं तर?

मी आठ दिवस गप्प राहिले. मॅडमनी प्राजूला नांदेडला नेऊन डोक्याची तपासणी केली, ती चांगली निघाली. पोरगी मात्र वाळत चालली. माझ्याच घरी होती, माझ्याच हातचं खात नव्हती. "आजी, तू हात धुतले का? परत धू." मी परत धुवायची. मीना म्हणायची, "आई, तू तर एवढ्या पोरांला बघतीस तिथं. कायतर सांग की." मी भांडी घासायला घ्यायची.

नवव्या दिवशी दुपारी पेशंट संपले होते. मॅडम जुन्या फायली बाकावर पसरून, शेंगदाणे खात बसल्या होत्या. स्वतःशीच म्हणाल्या, "एवढी मुलं आणि घसा एकाचाही नाही. असं कसं होईल?" मग माझ्याकडे बघून, "कमलताई, मी काहीतरी चुकीचं विचारतेय. काय विचारू मी या बायकांना?" मला आयुष्यात कुणी असं विचारलं नव्हतं. मी फरशीकडे बघत सगळं सांगून टाकलं, प्राजूचं, पडजिभेचं, आठ दिवसांचं. मी नोकरी गेली असंच धरून चालले. मग त्या म्हणाल्या, "कशी उचलता? दाखवा."

"कुणावर दाखवू?"

"माझ्यावर."

मी म्हटलं, "आग बाई, न्हाई." त्या म्हणाल्या, "मीठ लागतं ना? स्वयंपाकघरातून आणा." आणि खरंच खुर्चीत मान मागे टाकून त्यांनी तोंड उघडलं. मी तीनदा हात धुतले. बोट लावलं तशा त्या ठसकल्या, डोळ्यांतून पाणी, चष्मा खाली. मी घाबरून पाणी आणलं. खोकत खोकत हसायला लागल्या. "अहो, एकदा हे झालं की पोर पुन्हा घसा दुखतो म्हणून सांगेल का कधी? मी तर मेले तरी सांगणार नाही." मी थांबलेच. इतकी वर्षं बोट घातलं, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आयांना माहीत नव्हतं, कारण पोरं लपवत होती.

प्राजूला त्यांनी त्याच संध्याकाळी पुन्हा तपासलं, रक्त काढलं. मी कोपऱ्यात रडत होते. त्या म्हणाल्या, "तुमच्या बोटानं हा आजार झालेला नाही. घसा आधीच आजारी होता. बोटानं एवढंच केलं की सगळ्यांना वाटलं, बरं झालं. पण यापुढं कुणाच्या घशात बोट घालायचं नाही. गिळता येईना म्हटलं की पोर इकडं आणायचं." मी तेव्हापासून घातलेलं नाही. गल्लीतल्या बायका आल्या तर त्यांच्यासोबत दवाखान्यापर्यंत चालत जायची.

मग फॉर्मवर नवा प्रश्न आला, "पडजीभ उचलली का? कुणी? कधी?" जुन्या फायलीतल्या आयांना फोन करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मॅडमना त्या सांगणार नाहीत हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं. मी आधीच सांगायची, मॅडमही ऐकतायत. औशाची एक बाई म्हणाली, "हाव की, दोनदा उचलली. आता ऐकायल्यात तर ऐकू द्या, पर रागवू नका म्हणावं." समोर मॅडम पदरात तोंड लपवून हसत होत्या. सगळ्यांचं उत्तर हो नव्हतं. काहींच्या पोरांना तसलं काहीच झालं नव्हतं. मला वाईट वाटायचं, पण मॅडम ती नावं आधी लिहून घ्यायच्या, तांबड्या शाईनं. "आपल्याला हवं ते उत्तर कुणीही लिहील, कमलताई. नको ते आधी लिहायचं." यातून शेवटी काय निघेल असं मी विचारलं की म्हणायच्या, "माहीत नाही." हे त्या इतक्या आनंदानं म्हणायच्या की मला नवल वाटायचं. माहीत नाही म्हणताना माझी मान खाली जाते.

ओळीचं आता सांगते. या मुलांचं अक्षरही बिघडतं. प्राजूचं पुस्तकातल्यासारखं अक्षर वाकडंतिकडं झालं होतं. खोडून खोडून कागद फाटायचा. मॅडमनी एक वही आणली आणि दर सोमवारी एकच ओळ लिहायची ठरवलं. ओळ अशी, "आमच्या दारात लिंबाचे झाड आहे." प्राजू लिहीना. मॅडम म्हणाल्या, "तिघी लिहू. आधी प्राजू, मग आजी, मग मी." मी म्हटलं, मला चौथीनंतर पेन धरायची वेळ आली नाही. प्राजूनं मान वर करून विचारलं, "आजी, तुझं माझ्यापेक्षा घाण येतंय का बघू." आणि तिनं लिहिलं. माझं खरंच तिच्यापेक्षा घाण आलं. कितीतरी दिवसांनी ती हसली. औषधं चालू झाली होती, एक समजावून सांगणाऱ्या बाईही यायच्या. हात धुणं एकदम नाही थांबलं, दोन पावलं पुढं, एक मागं, असं वर्षभर चाललं. पण वही उलटून बघितली की ओळी सरळ होत गेलेल्या दिसतात, तिच्याही आणि माझ्याही. प्राजू मुरुडला परत शाळेत जायला लागली, तरी मॅडमनी आणि मी सोमवारची ओळ सोडली नाही. ती सुट्टीत आली की तिची ओळ वर.

मागच्या वर्षी एका सोमवारी मॅडमनी ओळ लिहिली आणि मी बघत राहिले. अक्षर बारीक झालं होतं, शेवटचा शब्द खाली उतरला होता. आदल्या सोमवारीही थोडं तसंच. मला पुन्हा भांडी घासायला जावंसं वाटलं... पण गेले नाही. म्हटलं, "मॅडम, तुमचं अक्षर बदललंय." त्यांनी चष्मा नीट केला. मी वाट बघत होते तेच त्यांनी विचारलं, "कधीपासून?" आम्ही पानं मागं उलटत गेलो. पाचवा सोमवार सापडला. त्यांनी बोट ठेवलं, जणू दुसऱ्याच कुणाची फाईल होती. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या वेळी आठ दिवस नाही लावले तुम्ही." तपासणीत मेंदूत गाठ निघाली. सोमवारची वही घेऊन त्या बहिणीकडे नांदेडला गेल्या. कपाटातल्या फायली तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे सोपवल्या. त्यांच्या फॉर्मवरही तो पडजिभेचा प्रश्न आहे, हे मी जाऊन बघून आले.

वही घ्यायला गेले तेव्हा विजयाताईंनी चहा केला आणि सांगितलं, "शेवटी शेवटी शब्द सापडायचे नाहीत तिला. पण सोमवार सांगावा लागायचा नाही." घरी येऊन मी शेवटचं पान उघडलं. ओळ पुरी होती, "झाड" मात्र कसंबसं उभं राहिलेलं. आणि ती तिसऱ्या रेघेवर होती. वरच्या दोन रेघा त्यांनी मोकळ्या सोडल्या होत्या.

काल मीना प्राजूला घेऊन आली. बारा वर्षांची झाली आता, माझ्याहून उंच. मी वही पुढं केली. तिनं त्या तिसऱ्या ओळीकडे बघितलं, पेन घेतलं आणि पहिल्या रेघेवर लिहिलं. मग वही माझ्याकडे सरकवली. "आजी, तुझी राहिलीय."

मी लिहिली.